बारा दिवसांची सावड

रंगनाथ बी.ए.च्या पहिल्या वर्षाला तिसऱ्यांदा बसला तेव्हा परभणीच्या कॉलेजातला नवा शिपाई त्याला नमस्कार करायला लागला. हा माणूस इतकी वर्षं इथं दिसतो म्हणजे इथं नोकरीलाच असणार, अशी त्या बिचाऱ्याची समजूत झाली होती. रंगनाथनं ती कधी मोडली नाही. नमस्कार घ्यायचा, "काय, बरं हाय ना?" असं विचारायचं आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसायचं, असा त्याचा शिरस्ता पडून गेला होता.

तसा तो मठ्ठ मुळीच नव्हता. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र त्याचं केव्हाच सुटलं होतं. अडकलं होतं ते एकटं अर्थशास्त्र, आणि तेही कळत नव्हतं म्हणून नव्हे. पुस्तक वाचताना रंगनाथला सारखं वाटे, की हे लिहिणारा गृहस्थ पालमला कधी आलेला दिसत नाही, त्याला दोन गोष्टी सांगायला हव्यात. त्या तो सांगायचा, आणि नेमक्या परीक्षेत सांगायचा.

पहिल्या वर्षी प्रश्न आला मागणीच्या नियमावर. भाव चढला की मागणी उतरते, असं लिहून एक आकृती काढली असती तर काम भागलं असतं. पण ते दुष्काळाचं साल. ज्वारीचा भाव दुप्पट झाला तशी लोकांनी गूळ सोडला, डाळ सोडली आणि उरल्यासुरल्या पैशाची ज्वारीच जास्त घेतली, हे रंगनाथनं पालमच्या बाजारात डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यानं त्यावर तीन पानं भरली. मार्क पडले अकरा. दुसऱ्या वर्षी घटत्या उपयोगितेचा नियम आला. पहिल्या सफरचंदात जेवढं समाधान तेवढं दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात त्याहून कमी, असं पुस्तकात होतं. सफरचंद रंगनाथनं फक्त परभणीच्या स्टेशनाबाहेर गाड्यावर बघितलं होतं. त्यानं हुरडा लिहिला. हुरड्याचं पहिलं कणीस नुसतं तोंड भाजतं आणि खरी गोडी तिसऱ्या कणसापासून लागते, हे त्यानं असं काही रंगवून लिहिलं, की तपासणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटलं असणार. मार्क पडले चौदा.

"रंगनाथ," अर्थशास्त्र शिकवणारे तात्याराव सर कपाळाला हात लावून म्हणाले, "आधी पुस्तकाचं ऐकून घे रे बाबा. मग पुस्तकाला ऐकव."

पालमला वडील दत्तराव होते. कोरडवाहू वीस एकर, एक बैलजोडी आणि बोलणं मोजकं. त्यांनी यंदा सरळच सांगून टाकलं होतं, "ह्या सालाला बस. सुटला तर सुटला. न्हाई सुटला तर गुमान कासरा हातात घे. चौथ्या सालाचं नाव काढायचं न्हाई." रंगनाथ हसून "बरं" म्हणाला, पण आतून तो हबकला होता. त्याला मास्तर व्हायचं होतं. चार माणसांपुढं उभं राहून एखादी गोष्ट फोड करून सांगावी आणि समोरच्याच्या तोंडावर ती उमटलेली बघावी, याच्याइतकं सुख त्याला दुसऱ्या कशात वाटत नसे. ते सुख या एका पेपरावर अडून बसलं होतं.

रंगनाथ राहायचा सुलाबाईंच्या घराच्या मागच्या खोलीत. भाडं वेळेवर आणि चपला बाहेर, याखेरीज सुलाबाई कुणाला काही विचारत नसत. खोलीत चौघं होते. त्यांतला सगळ्यांत तल्लख सुग्रीव. सोनपेठकडच्या खेड्यातला, बौद्ध घरातला. त्याचे आईवडील दर सालाला दिवाळी झाली की ऊस तोडायला नगरकडच्या कारखान्यावर जात आणि उन्हाळ्यात परत येत. घराला कुलूप आणि पोरगा कॉलेजात, असा त्यांचा संसार होता. सुग्रीवला अर्थशास्त्र असं कळे, की तात्याराव सर शिकवताना अडले तर त्याच्याकडं बघत.

चौघांत मिळून पुस्तक मात्र एकच, तेही जुन्या बाजारातलं. रात्री एकानं वाचावं आणि तिघांनी त्याच्या तोंडाकडं बघावं, असा प्रकार चालला होता. शेवटी रंगनाथनं तोड काढली.

"सावड करू," तो म्हणाला.

सावड म्हणजे पालमकडं लहान पोरालाही ठाऊक. आज माझे बैल आणि मी तुझ्या शेतात, उद्या तुझे बैल आणि तू माझ्या शेतात. पैशाचं नाव नाही. दिवसाला दिवस. रंगनाथनं पुस्तकाची शिवण उसवली आणि त्याचे चार भाग केले. ज्यानं त्यानं आपला भाग पाठ करायचा आणि रविवारी बाकीच्या तिघांना शिकवायचा. मागणी, पुरवठा आणि किंमत हा सगळ्यांत जड भाग सुग्रीवकडं गेला. रंगनाथकडं आले उत्पादनाचे घटक. दोऱ्यानं बांधलेला तो पुस्तकाचा तुकडा घेऊन तो वर्गात गेला तेव्हा तात्याराव सरांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, "श्रमविभागणी शिकवली ही माझीच चूक झाली."

संक्रांतीपर्यंत सगळं छान चाललं. मग सुग्रीवला पत्र आलं. त्याच्या वडिलांचा, बन्सीधरांचा, पाय उसाच्या गाडीखाली आला होता. आठ दिवसांत येतो म्हणून सुग्रीव गेला, पिशवीतली त्याची पानंही त्याच्याबरोबर गेली, आणि मार्च संपत आला तरी गड्याचा पत्ता नाही. मागणी नाही, पुरवठा नाही, आणि त्यांच्याशिवाय किंमत कशी ठरायची? खोलीतल्या बाकी दोघांचे चेहरे उतरले. त्यांना सहा-सहा पेपर होते. रंगनाथला एकच, तोही परीक्षेच्या अगदी मधोमध. तेव्हा पानं आणायला त्यानंच जावं असं ठरलं. सुग्रीवचं हॉलतिकीट येऊन पडलं होतं, तेही त्यानं खिशात टाकलं आणि सकाळची मनमाडची पॅसेंजर धरली.

मनमाडला उतरून एस.टी. आणि शेवटी चार मैल पायी, असं करत दुसऱ्या दिवशी तो पत्रातल्या पत्त्यावरच्या उसाच्या फडावर पोचला. ऊस तोडणाऱ्यांच्या पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, ओळीनं होत्या. एका कोपीपुढं बन्सीधर पायाला फडकी गुंडाळून बसले होते. पलीकडं सुग्रीव कोयत्यानं सपासप ऊस पाडत होता आणि त्याची आई चांगुणाबाई मागं मोळ्या बांधत होती. सुग्रीवच्या तोंडावर उसाच्या पाल्याची काळी धूळ, हाताला फडकी, आणि बोलणं मात्र चालूच. आईला तो काहीतरी समजावून देत होता. रंगनाथ जवळ गेला तेव्हा त्याला ऐकू आलं, "म्हून म्हनतो माय, ऊस समदीकडंच जास्त झाला तर भाव पडतोय."

"पडंना का," चांगुणाबाई म्हणाली, "आपल्याला त्वाडायचाच हाय."

रंगनाथला बघून सुग्रीवला भडभडून आलं. त्यानं कोपीत नेऊन पानं काढून दिली. समासात बारीक अक्षरात टिपणं काढलेली होती. सुग्रीवनं त्यातलं एक पान मुद्दाम उघडलं.

"ही बग तुजी दुष्काळातली ज्वारी. पुस्तकात हाय ती. मागणीच्या नियमाचा अपवाद म्हून दिलीय. तू अपवाद लिहिलास रंगनाथ, नियमच लिहिला न्हाईस."

रंगनाथ त्या पानाकडं बघतच राहिला. दोन वर्षं ज्याच्याशी तो भांडत होता त्या गृहस्थाला ज्वारी आधीपासून ठाऊक होती. त्याला हसू आलं आणि थोडी शरमही वाटली. मग त्यानं हॉलतिकीट काढून सुग्रीवपुढं धरलं. सुग्रीवनं ते घेतलं नाही.

"मी न्हाई बसायलो औंदा. जोडीतला एक गेला की मुकादम जोडी मोडतोय. जोडी मोडली की माय-बाप जातील कुठं? बापाला चालता येत न्हाई."

हे बोलताना तो रडला नाही, पण हॉलतिकिटाकडं त्यानं दुसऱ्यांदा पाहिलं नाही. अर्थशास्त्राचं जे काही त्याच्या डोक्यात शिरलं होतं ते सगळं त्या वेळी एकदम कामाला लागलं. सुग्रीवचे सहा पेपर, आपला एक. सुग्रीव बसला तर पहिला येणार. आपण बसलो तर काय, हे देवालाच माहीत. इथून परभणी म्हणजे दीड-दोन दिवस, तेव्हा मधेच जाऊन पेपर देऊन यायचं म्हणावं तर तेही नाही. त्यानं सदरा काढून कोपीच्या बांबूला अडकवला.

"कोयता दे," तो म्हणाला. "बारा दिवस मी तुझ्या जागी."

"येडा का खुळा तू? आन् तुजा पेपर? दत्तराव काका कासऱ्यानं बांधतील तुला."

"मी लिहिला तर चौदा, तू लिहिलास तर साठ. तात्याराव सर वर्षभर दुसरं काय शिकवायलेत? आन् फुकट न्हाई द्यायलो. सावड हाय. बारा दिवस देणं लागतोस. जा आता, न्हाई तर पॅसेंजर चुकंल. आन् ही पानं ने, त्या दोघांचा जीव टांगणीला लागलाय. त्यांना शिकीव."

सुग्रीव उठेना. मग रंगनाथनंच त्याची पिशवी भरली, हॉलतिकीट पानांत घातलं आणि त्याला रस्त्यापर्यंत ढकलत नेलं. मुकादम माणिकराव येऊन रंगनाथचे हात उलटसुलट बघून गेले. "हे हात पेनाचे हायत," ते म्हणाले.

"पेनानं तरी कुठं धड काम केलंय, मुकादम," रंगनाथ म्हणाला. माणिकराव हसले आणि त्यांनी जोडी राहू दिली.

संध्याकाळी चांगुणाबाईनं भाकरी थापल्या. रंगनाथच्या पुढ्यात ताटली ठेवताना तिचा हात जरा थबकला. "चालंल का रं बाबा आमच्यातलं?" तिनं हळूच विचारलं.

"मावशी, ठेचा अजून वाढा, मग सांगतो," रंगनाथ म्हणाला. बन्सीधर मोठ्यानं हसले. त्यानंतर तो प्रश्न पुन्हा कुणी काढला नाही.

पुढचे दिवस त्याला ऊस काय असतो ते कळलं. पानं अंग कापत, घाम त्यात झोंबे, आणि वाकून वाकून कंबर अशी धरे, की रात्री उताणं झोपायलाही विचार करावा लागे. पहिल्या दिवशी त्याची तोड बघून शेजारच्या जोडीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. तिसऱ्या दिवशी हसायच्या थांबल्या. तोंड मात्र त्याचं बंद नव्हतं. त्याच्या वाट्याच्या पानांत लिहिलं होतं, की श्रम साठवून ठेवता येत नाही, आजचा दिवस वाया गेला की कायमचा गेला. ते त्यानं चांगुणाबाईला समजावून सांगितलं.

"कोन म्हनतंय?" मोळी आवळता आवळता ती म्हणाली. "माजा बाप एका घरची विहीर खांदू लागला व्हता. बाप मरून गेला. त्या घरची मानसं अजून माज्या दारात हुबी ऱ्हात्यात अडीनडीला. मंग ते कुठं साठलं व्हतं?"

रंगनाथ खूश झाला. पुस्तकाला सांगायला त्याला आणखी एक गोष्ट मिळाली होती.

आठव्या दिवशी अकरा वाजता त्याचा कोयता थांबला. लांबून कारखान्याचा भोंगा ऐकू आला होता. या वेळी परभणीत पेपर वाटले जात असतील. शेवटच्या बाकावरचा त्याचा नंबर रिकामा असेल. त्याला वाटलं होतं तेवढं ते सोपं गेलं नाही. डोळे भरून आले आणि हात मळके असल्यामुळं पुसताही येईनात.

"काय झालं रं?" चांगुणाबाई म्हणाली. "कापलं का कुठं?"

"न्हाई मावशी. आज माझा पेपर व्हता."

चांगुणाबाई मोळी सोडून उभी राहिली. याचाही पेपर असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. "तुजा? आरं, हे ठावं असतं तर म्या सुग्रीवला जाऊ दिला नसता."

"म्हणूनच सांगितलं न्हाई," रंगनाथ म्हणाला आणि पुन्हा वाकला. त्या दिवशी चांगुणाबाईनं भराभर मोळ्या आवळल्या. त्या बांधून झाल्या की पुढं येऊन त्याच्या ओळीतला ऊसही तोडू लागली.

निकाल लागला तेव्हा सुग्रीव कॉलेजात पहिला होता. रंगनाथच्या नंबरापुढं 'गैरहजर' असं लिहिलेलं होतं. गुणपत्रिका घेऊन तो पालमला आला आणि त्यानं घडलं ते सगळं वडिलांना सांगितलं. दत्तरावांनी ऐकून घेतलं. ओरडले नाहीत, चांगलं केलंस असंही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कासरा त्याच्या हातात दिला, एवढंच.

पावसाळा नांगर-वखरामागं गेला. रंगनाथ बैलांना अर्थशास्त्र सांगायचा. परीक्षकांपेक्षा ते शांतपणे ऐकून घेत. ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म त्यानं सुग्रीवमार्फत गुपचूप भरला होता खरा, पण तो विषय वडिलांपुढं काढायची छाती होत नव्हती. परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा रब्बीची पेरणी तोंडावर. अशा वेळी शेत सोडून जाणारा पोरगा दत्तरावांनी उंबऱ्यात पुन्हा घेतला नसता.

आणि एका सकाळी शेताच्या बांधावर सुग्रीव उभा. पालमच्या एस.टी.नं उतरून विचारत विचारत आला होता. खांद्याला पिशवी, पायजमा वर खोचलेला.

"काका, मी सुग्रीव," तो दत्तरावांना म्हणाला. "बारा दिवस देणं लागतो. कॉलेजाला दिवाळीची सुट्टी हाय."

दत्तरावांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "देणं कसलं? पोरानं केलं ते केलं. एवढ्या लांबनं आलास, च्या पी. कामच करायचं असंल तर कर. सांजच्याला मजुरी घेऊन जा."

"मजुरी न्हाई घ्यायचो, काका. सावड हाय ही. दिवसाला दिवस."

रंगनाथनं श्वास धरून वडिलांच्या तोंडाकडं पाहिलं. सावड होते ती बरोबरीच्यात. दत्तरावांच्या उभ्या हयातीत सुग्रीवच्या वस्तीतली माणसं त्यांच्या बांधावर मजुरीला आली होती, त्यांच्या वडिलांच्या काळी तर नुसती हाक मारली की बिनमजुरीची आली होती. सावडीला आलोय असं सांगत कुणी आलं नव्हतं. हो म्हणावं तर हा पोरगा उद्यापासून घरचा बरोबरीचा गडी. नाही म्हणावं तर आपल्या पोरानं घाम गाळलेले बारा दिवस मातीमोल. दत्तरावांनी डोक्यावरचा रुमाल काढला, झटकला, परत बांधला. बैलाच्या मानेवरची गोमाशी उडवली.

"ह्यो तिथं तुज्या जागी राबत व्हता," त्यांनी सुग्रीवला विचारलं, "तवा तू काय करत व्हतास?"

"पेपर लिहीत व्हतो, काका."

दत्तराव वळून रंगनाथकडं बघत म्हणाले, "मंग तू हितं कामून हुबा हायस? सावड घ्यायची तर पुरती घ्यावी. त्यो तुज्या जागी आला म्हंजी तुला त्याच्या जागी जायला पायजे."

रंगनाथनं हातातला कासरा वडिलांपुढं केला. दत्तरावांनी तो सुग्रीवच्या हातात दिला, पेरणीची तिफण जमिनीला लावायला सांगितली आणि पहिलं तास वाकडं गेलं तेव्हा रंगनाथला ओरडायचे तसेच त्याच्यावरही ओरडले. दुपारी सरजाबाई, रंगनाथची आई, भाकरी घेऊन आली. दत्तरावांनी ती एकाच फडक्यावर सोडली आणि तिघं बाभळीखाली जेवले.

तिसऱ्या प्रहरी रंगनाथ गंगाखेडमार्गे परभणीला जाणाऱ्या एस.टी.त बसला. सुग्रीवनं पिशवीतून आणलेलं पुस्तक, चारही भाग पुन्हा शिवलेलं, त्याच्या मांडीवर होतं. गाडी त्यांच्या शेताकडेच्या रस्त्यानं गेली तेव्हा खिडकीतून त्याला दिसलं, सुग्रीव तिफणीमागं चालतोय आणि वडील हातवारे करून त्याला काहीतरी सांगतायत. आजवर तो तीनदा अडकला होता आणि तीनदा हसून मोकळा झाला होता, कारण जे जायचं ते त्याचं एकट्याचं जात होतं. या खेपेला तो नापास झाला तर सुग्रीवचे बारा दिवस जाणार होते, आणि म्हाताऱ्यानं जन्मात पहिल्यांदा जी सावड घेतली तीही. परीक्षेची भीती म्हणजे काय, ते रंगनाथला त्या दिवशी कळलं. त्यानं पुस्तक पहिल्या पानापासून उघडलं आणि कंडक्टर तिकिटासाठी दोनदा ओरडला तरी मान वर केली नाही.